गजांआड जोपासलेली फुलपाखरे

तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंती, लोखंडी दरवाजे आणि मोजून दिलेला वेळ उभा राहतो. फुलपाखरू म्हटले की याच्या नेमके उलट काहीतरी. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयोग अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात झाला आणि तो एक-दोन वर्षांच्या हौसेपुरता राहिला नाही. (हे राज्य पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर आहे, देशाची राजधानी वॉशिंग्टन शहर वेगळे.) नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या एका फुलपाखराची हजारो पिल्ले तेथील महिला कैद्यांनी वाढविली आणि ती मोकळ्या माळरानावर सोडण्यात आली. हे करता करता या महिला कीटकशास्त्राचे धडे गिरवत गेल्या, नोंदी ठेवत गेल्या आणि त्या नोंदींतून शास्त्रज्ञांना हवी असलेली काही उत्तरेही मिळाली.

अशा उपक्रमाची बातमी वाचताना कौतुक वाटते आणि आपण पान उलटतो. प्रत्यक्षात तो चालविण्यासाठी तुरुंग विभाग, महाविद्यालय, प्राणिसंग्रहालय, वन्यजीव खाते आणि चक्क लष्कर यांना एकत्र आणावे लागले. ही मोट कशी बांधली गेली, तिच्यातून काय साधले आणि ती कोठे कमकुवत ठरली, हे पाहिले तर पर्यावरण रक्षण आणि कैद्यांचे शिक्षण या दोन्ही क्षेत्रांना उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

माळरान आक्रसले, फुलपाखरू विरळ झाले

या फुलपाखराचे नाव टेलर्स चेकरस्पॉट. पंखांचा विस्तार जेमतेम पाच सेंटीमीटर. नारिंगी, काळ्या आणि पांढऱ्या चौकटींची नक्षी पंखांवर असते, त्यावरूनच चेकरस्पॉट हे नाव आले. 'एडिथ्स चेकरस्पॉट' या फुलपाखराची ही एक उपजाती असून १८८८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन करण्यात आले.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दक्षिण भागापासून वॉशिंग्टन राज्यातून खाली ओरेगन राज्यातील विलामेट खोऱ्यापर्यंत हे फुलपाखरू एकेकाळी ८० हून अधिक ठिकाणी आढळत असे. २०१३ पर्यंत ही संख्या १४ ठिकाणांवर आली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली त्याला 'संकटग्रस्त' घोषित केले.

ऱ्हासाचे कारण फुलपाखरात नाही, ते त्याच्या घरात आहे. वॉशिंग्टन राज्य घनदाट सूचिपर्णी अरण्यांसाठी प्रसिद्ध असले तरी पुजेट साउंड या खाडीच्या दक्षिणेला हिमयुगातील हिमनद्यांनी वाहून आणलेल्या खडीवर मोकळी माळराने तयार झाली होती. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षे ही माळराने ठराविक काळाने जाळत असत. कामास नावाच्या वनस्पतीचे कंद हे त्यांचे महत्त्वाचे अन्न होते आणि ते उघड्या जमिनीवरच चांगले येत. या आगींमुळे जंगल माळरानावर चढत नसे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आगमनानंतर ही प्रथा थांबली. डग्लस फर वृक्षांनी आणि युरोपातून आलेल्या स्कॉच ब्रूम या झुडपाने माळराने गिळायला सुरुवात केली. उरलेल्या भागावर शेती, वस्त्या आणि रस्ते आले. मूळ माळरानांपैकी चांगल्या स्थितीत राहिलेला भाग आज अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

या माळरानाशी फुलपाखराचे संपूर्ण आयुष्य बांधलेले आहे. वर्षाला त्याची एकच पिढी होते. वसंत ऋतूत, साधारणपणे एप्रिल ते जून या काळात प्रौढ फुलपाखरे उडतात. मादी पेंटब्रश नावाच्या रानफुलांच्या झाडांवर किंवा प्लँटेन या रोपावर पुंजक्या-पुंजक्यांनी अंडी घालते. (प्लँटेन हे आपल्याकडील इसबगोलाचे भाऊबंद.) अंड्यांतून बाहेर आलेल्या अळ्या काही आठवडे खातात आणि उन्हाळ्यात पाने वाळू लागली की सुप्तावस्थेत जातात. उरलेला उन्हाळा, पानगळ आणि हिवाळ्याचा बराच काळ त्या जमिनीलगत निपचित पडून राहतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत जाग्या होऊन त्या पुन्हा खातात, मग कोष करतात आणि वसंतात फुलपाखरू बाहेर येते. प्रौढ फुलपाखराच्या वाट्याला हवेत उडण्याचे फार थोडे दिवस येतात. वर्षातील बहुतेक काळ ही प्रजाती अळीच्या रूपात जमिनीवर काढते. त्यामुळे माळरानाचा एखादा तुकडा नांगरला गेला किंवा अवेळी जळाला, की त्या ठिकाणची संपूर्ण पिढी एका फटक्यात नाहीशी होऊ शकते.

तोफांच्या माऱ्यात तगलेला अधिवास

या प्रदेशात उरलेली सर्वात मोठी माळराने टॅकोमा शहराजवळच्या लष्करी तळावर आहेत. पूर्वीचा फोर्ट लुईस हा लष्करी तळ आणि मॅककॉर्ड हा हवाई दलाचा तळ यांचे २०१० मध्ये एकत्रीकरण होऊन 'जॉइंट बेस लुईस-मॅककॉर्ड' अस्तित्वात आला. या तळावरील तोफांच्या सराव क्षेत्रात टेलर्स चेकरस्पॉटची एक मोठी वसाहत टिकून राहिली. कारण विलक्षण आहे. तोफगोळ्यांमुळे अधूनमधून गवत पेटत राहिले आणि मूळ रहिवासी जे काम हेतुपुरस्सर करीत, ते अजाणता पुढे चालू राहिले. शिवाय धोकादायक क्षेत्र असल्याने तेथे घरे बांधली गेली नाहीत की शेती झाली नाही.

परंतु सगळी भिस्त एका सराव क्षेत्रावर ठेवणे धोक्याचे होते. दुसरीकडे, आपल्या जमिनीवर संकटग्रस्त प्रजाती असणे म्हणजे सरावावर निर्बंध येणे, ही लष्कराची अडचण होती. तळाबाहेरच्या संरक्षित माळरानांवर फुलपाखरू पुन्हा वसले तर तळावरचा भार हलका होणार होता. म्हणूनच तळाबाहेरच्या जमिनींची डागडुजी आणि फुलपाखरांचे संगोपन यांसाठी लष्कराने निधी देण्यास सुरुवात केली. येथे वन्यजीव खात्याचा हेतू आणि लष्कराचा हेतू भिन्न होते. मार्ग मात्र एकच निघाला.

माळरानावर सोडण्यासाठी अळ्या हव्या होत्या. त्या वाढविण्याचे तंत्र ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयाने विकसित केले होते. मात्र एकाच ठिकाणी सगळे संगोपन करणे जोखमीचे होते. रोगाची एक साथ आली किंवा यंत्रणेत एक बिघाड झाला, तरी वर्षाचे सगळे श्रम वाया गेले असते. दुसरे संगोपन केंद्र आवश्यक होते. ते कोठे उभारावे, या प्रश्नाचे उत्तर तुरुंगात मिळाले.

सुरुवात शेवाळापासून

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नलिनी नाडकर्णी हे नाव अमेरिकेतील परिसरशास्त्राच्या क्षेत्रात सुपरिचित आहे. वडील भारतीय आणि आई ज्यू अशा कुटुंबात त्या अमेरिकेतच वाढल्या. उंच वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कोस्टारिकातील माँटेव्हर्दे येथील ढगांच्या अरण्यात आणि वॉशिंग्टन राज्यातील जंगलांत त्यांनी दोरांच्या साह्याने झाडांवर चढून संशोधन केले. वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिंपिया येथील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमध्ये त्या अध्यापन करीत होत्या.

फुलांच्या सजावटीसाठी त्या भागातील जुन्या जंगलांतून शेवाळ ओरबाडून नेले जात होते. एकदा फांदी उघडी पडली की तिच्यावर पूर्वीसारखे शेवाळ येण्यास कित्येक वर्षे लागतात, हे नाडकर्णी यांच्या लक्षात आले होते. शेवाळाची लागवड करता येईल का, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. त्यासाठी रोज निरीक्षण करणारे, नोंदी ठेवणारे आणि भरपूर वेळ असणारे सहकारी हवे होते. शिवाय ज्यांना निसर्गाचा स्पर्शही होत नाही अशा माणसांपर्यंत विज्ञान पोहोचावे, ही त्यांची इच्छा होती.

लिटलरॉक येथील सीडर क्रीक या कमी सुरक्षेच्या तुरुंगाचे तत्कालीन अधीक्षक डॅन पाचोल्की हे त्या सुमारास तुरुंगातील कचरा, पाणी आणि खर्च कमी करण्याचे प्रयत्न करीत होते. (पुढे ते राज्याच्या तुरुंग विभागाचे सचिव झाले.) २००४ मध्ये तेथे शेवाळाचा प्रयोग सुरू झाला. कोणते शेवाळ कशावर, किती पाण्यात चांगले वाढते, हे कैद्यांनी नोंदविले. शेवाळाबरोबरच शास्त्रज्ञांची व्याख्याने सुरू झाली, कंपोस्ट खत आणि मधमाश्यापालन आले. त्या तुरुंगातील एका कैद्याने सुटकेनंतर पीएच.डी.साठी विद्यापीठात प्रवेश घेतला.

यातूनच एव्हरग्रीन कॉलेज आणि राज्याचा तुरुंग विभाग यांचा 'सस्टेनॅबिलिटी इन प्रिझन्स प्रोजेक्ट' हा संयुक्त प्रकल्प आकाराला आला. २००९ पासून सीडर क्रीकमध्ये कैद्यांनी ओरेगन स्पॉटेड फ्रॉग या दुर्मिळ बेडकाची पिल्ले वाढविली. ॲबर्डीनजवळच्या स्टॅफर्ड क्रीक तुरुंगात माळरानावरील देशी वनस्पतींची रोपवाटिका उभी राहिली. म्हणजे फुलपाखराचा प्रश्न पुढे आला, तेव्हा तुरुंगात जीव वाढविण्याचा अनुभव या प्रकल्पाच्या गाठीशी होता.

मिशन क्रीकचे हरितगृह

बेलफेअर या गावाजवळ मिशन क्रीक हा महिलांचा कमी सुरक्षेचा तुरुंग होता. २०११ मध्ये तेथे खास फुलपाखरांसाठी हरितगृह बांधण्यात आले. संकटग्रस्त प्रजाती नवशिक्यांच्या हाती थेट सोपविणे शक्य नव्हते. त्यामुळे महिलांनी आधी 'पेंटेड लेडी' या जगभर आढळणाऱ्या फुलपाखरावर हात बसविला. हे फुलपाखरू आपल्या महाराष्ट्रातही दिसते. प्राणिसंग्रहालयातील तज्ज्ञांनी प्रशिक्षण दिले आणि २०१२ मध्ये टेलर्स चेकरस्पॉटचे संगोपन सुरू झाले.

या कामाचे वेळापत्रक फुलपाखराच्या जीवनचक्राने ठरविलेले होते. वसंतात लष्करी तळावरून काही रानटी माद्या पकडून आणल्या जात. त्यांना खाद्यवनस्पतींवर अंडी घालू दिली जात. प्रत्येक मादीची संतती वेगळी ठेवली जाई, कारण पुढे जवळच्या नात्यातील नर-मादीची जोडी जमू नये, याची काळजी घ्यावी लागे. प्रौढ फुलपाखरांना पाण्यात कालवलेला मध कापूस गुंडाळलेल्या काडीने दिला जाई. फुलपाखराने स्वतःहून सोंड उलगडली नाही, तर ती हलक्या हाताने उलगडून मधापर्यंत न्यावी लागे. हाताचा जोर किंचित वाढला तरी जीव जाण्याची भीती.

अळ्या बाहेर पडल्या की रोज ताजी पाने देणे, विष्ठा काढणे, बुरशी येऊ न देणे आणि मेलेल्या अळ्या मोजून नोंदविणे हे काम सुरू होई. अळ्या वाढत तशी पानांची गरज वाढे. म्हणून खाद्यवनस्पतींची लागवडही तुरुंगातच करावी लागे. उन्हाळ्यात अळ्या निजल्या की त्यांना थंड आणि कोरड्या जागी ठेवले जाई. या काळात काम कमी असे, परंतु जबाबदारी कमी नसे. ओलावा वाढला तर अळी कुजते, फार कोरडे झाले तर सुकते. फेब्रुवारीत जाग्या झालेल्या अळ्यांना पुन्हा खायला घालून त्यानंतर वन्यजीव खात्याचे जीवशास्त्रज्ञ त्यांना माळरानावर घेऊन जात. अशा रीतीने दरवर्षी हजारो अळ्या तुरुंगाच्या दारातून बाहेर पडत. काही अळ्या पुढील वर्षाच्या प्रजननासाठी मागे ठेवल्या जात.

ज्या महिलांनी त्यांना वाढविले, त्यांचे नाव पदनामाने घेतले जाई: बटरफ्लाय टेक्निशियन, म्हणजे फुलपाखरू तंत्रज्ञ. हे पदनाम शोभेचे नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले.

हातांनी काम, डोक्यानेही काम

माळरानावर फुलपाखरू परत आणायचे, तर तेथे कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. उरलेल्या वसाहतींपैकी काही ठिकाणी फुलपाखरे प्लँटेनवर अंडी घालत होती. हे रोप युरोपातून आलेले. मूळ देशी पेंटब्रश तोपर्यंत दुर्मिळ झालेले होते. त्यातील सोनेरी पेंटब्रश तर स्वतःच १९९७ पासून कायद्याने संरक्षित यादीत होते. फुलपाखराला खरोखर काय आवडते आणि ते केवळ नाइलाजाने काय स्वीकारते, हे समजल्याशिवाय माळरानाची पुनर्रचना अंदाजपंचे झाली असती.

एव्हरग्रीन कॉलेजच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने मिशन क्रीकमधील महिलांच्या सहकार्याने याचा प्रयोग केला. माद्यांपुढे दोन प्रकारची पेंटब्रश आणि प्लँटेन अशा वनस्पती ठेवण्यात आल्या आणि कोणत्या मादीने कोठे अंडी घातली याची नोंद महिलांनी ठेवली. माद्यांनी प्लँटेनपेक्षा पेंटब्रशला स्पष्ट पसंती दिली. याचा अर्थ माळरानावर देशी पेंटब्रश परत आणणे हे फुलपाखराच्याही हिताचे होते. सोनेरी पेंटब्रशची लागवड पुढे इतकी यशस्वी झाली की २०२३ मध्ये ते संरक्षित यादीतून वगळण्यात आले.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ निष्कर्षात नाही. रोज तेच कीटक पाहणाऱ्या व्यक्तीला त्यांच्या वागण्यातील बारकावे दिसू लागतात. प्रशिक्षण घेतलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञाला महिन्यातून एखाद्या भेटीत ते दिसत नाहीत. तुरुंगातील महिलांकडे असा अखंड वेळ होता. त्यांना मजूर मानून केवळ पाने चिरायला लावली असती, तर त्यांनी पाहिलेले वाया गेले असते. नोंदवही त्यांच्या हाती दिली, प्रश्न विचारण्याची मुभा दिली, तेव्हा त्यांच्या निरीक्षणाला विज्ञानात जागा मिळाली.

समन्वयाची कसरत

कागदावर सोपी दिसणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात रोजच्या तडजोडींवर चाले. तुरुंगाचे पहिले कर्तव्य सुरक्षितता. तेथे हजेरी ठराविक वेळी होते, काही अनुचित घडले तर सर्वांना आपापल्या जागी कोंडले जाते. अळीला मात्र भूक वेळापत्रक पाहून लागत नाही. त्यामुळे कोंडलेल्या दिवशीही हरितगृहात कोण जाईल, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. तुरुंगात इंटरनेट नसते. साधी माहिती शोधायची तरी ती छापून बाहेरून आणावी लागते.

कामांची वाटणी अशी होती: प्रजाती संरक्षणाची दिशा आणि परवानगी वन्यजीव खात्यांची, संगोपनाचे तंत्र प्राणिसंग्रहालयाचे, जागा, सुरक्षा आणि कैद्यांची निवड तुरुंग विभागाची, निधीचा मोठा भाग लष्कराचा, माळरानाची देखभाल निसर्गरक्षण संस्थांची. या सर्वांच्या मध्ये महाविद्यालयाचा समन्वयक उभा असे. बहुधा हा पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी असे. तो हरितगृहात नियमित जाई, महिलांना वाचायला शोधनिबंध देई, नोंदी गोळा करून वन्यजीव खात्याकडे पोहोचवी आणि अडचण आली की तुरुंग अधिकारी व शास्त्रज्ञ यांच्यात दुभाष्याचे काम करी. दुभाष्या म्हणण्याचे कारण असे, की 'धोका' या एकाच शब्दाचा अर्थ दोघांच्या लेखी वेगवेगळा असतो. तुरुंग अधिकाऱ्याला कात्री धोकादायक वाटते, जीवशास्त्रज्ञाला बुरशी.

आणखी एक अडचण या कामाच्या स्वरूपातच होती. कमी सुरक्षेच्या तुरुंगात शिक्षा संपत आलेल्या महिला असतात. काम अंगवळणी पडते न पडते तोच सुटकेची तारीख येते. सुटका ही आनंदाचीच गोष्ट. पण तिच्याबरोबर त्या महिलेचे कसबही बाहेर जाते. यावर उपाय म्हणून जुन्या महिलांनी नव्यांना शिकवायचे, अशी पद्धत रूढ झाली. शिकविण्याची जबाबदारी आल्याने स्वतःचे ज्ञान पक्के होते, हा तिचा आणखी एक लाभ.

शिक्षणाची बाजू

या कामाला शिक्षण म्हणायचे, तर त्याची पोचपावतीही शैक्षणिक हवी. पुढे एव्हरग्रीन कॉलेजने तंत्रज्ञ महिलांना या कामाबद्दल महाविद्यालयीन क्रेडिट मिळविण्याची सोय केली. तुरुंगातून बाहेर पडल्यावर नोकरीच्या अर्जावर 'फुलपाखरे वाढविली' असे लिहिले तर त्याचे मोल लावणारे थोडे. महाविद्यालयाची क्रेडिट मात्र दुसऱ्या महाविद्यालयातही दाखविता येतात.

हरितगृहात काम करणाऱ्यांची संख्या कोणत्याही वेळी थोडीच असणार. बाकीच्यांसाठी शास्त्र आणि पर्यावरण यांवरील व्याख्यानमाला हा प्रकल्पाचा दुसरा हात होता. ज्यांना कोठडीतून बाहेर पडण्याचीच मुभा नाही अशा एकांतवासातील कैद्यांचे काय, हा प्रश्न नाडकर्णी यांनी पुढे हाती घेतला. ओरेगन राज्यातील स्नेक रिव्हर तुरुंगात एकांतवासातील कैद्यांना ठराविक वेळी निसर्गाची चलचित्रे दाखविण्याची एक खोली तयार करण्यात आली. निळसर प्रकाशामुळे तिला 'ब्लू रूम' असे नाव पडले. या प्रयोगाचा अभ्यास २०१७ मध्ये 'फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्न्मेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही चलचित्रे पाहणाऱ्या कैद्यांकडून हिंसक शिस्तभंगाच्या घटना इतरांच्या तुलनेत २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. २०११ मध्ये यूटा विद्यापीठात गेल्यानंतर नाडकर्णी यांनी तेथील तुरुंगांतही विज्ञान व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला.

एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात

मिशन क्रीकचे उदाहरण पाहून ओरेगन राज्यानेही पाऊल उचलले. विल्सनव्हिल येथील कॉफी क्रीक या महिलांच्या तुरुंगात २०१७ पासून टेलर्स चेकरस्पॉटचे संगोपन सुरू झाले. कॉर्व्हालिस येथील 'इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड इकॉलॉजी' या संस्थेने समन्वयाची जबाबदारी घेतली.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्यातील वॉला वॉला येथील मोठ्या तुरुंगाचे. 'मोनार्क' या फुलपाखराचे हजारो किलोमीटरचे स्थलांतर जगप्रसिद्ध आहे. परंतु पॅसिफिक वायव्य भागातील मोनार्क हिवाळ्यात नेमके जातात कोठे, याचे पुरावे अपुरे होते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड जेम्स यांनी २०१२ पासून वॉला वॉलातील कैद्यांना मोनार्क वाढविण्याच्या कामी घेतले. कैदी आणि बाहेरचे हौशी निरीक्षक यांनी मिळून पाच वर्षांत सुमारे १४ हजार मोनार्कच्या पंखांवर छोटे चिकटपट्टीचे क्रमांक लावून त्यांना सोडले. त्यांपैकी ६० पुन्हा सापडले. ही संख्या नगण्य वाटेल. परंतु या साठांनी सरासरी जवळपास ८०० किलोमीटरचे अंतर कापले होते आणि त्यातील अनेक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील हिवाळी मुक्कामी पोहोचले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणा एका प्रयोगशाळेला देता आले नसते, ते या मनुष्यबळामुळे मिळाले.

न सुटलेले प्रश्न

या उपक्रमांवर आक्षेप नाहीत असे नाही आणि ते दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत. पहिला आक्षेप मोबदल्याचा. मिशन क्रीकमध्ये संगोपन सुरू झाले, तेव्हा वॉशिंग्टन राज्यात कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला नऊ डॉलरच्या वर होते. तुरुंगातील कामासाठी कैद्यांना तासाला अर्ध्या डॉलरहूनही कमी मिळत असे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपविली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून करवून घेतलेल्या श्रमाला तिच्यात अपवाद ठेवला. त्यामुळे तुरुंगातील कोणत्याही कामावर, ते कितीही उदात्त असले तरी, या इतिहासाची सावली पडते. फुलपाखराचे काम स्वेच्छेने घेतले जाई आणि त्याला मागणी असे, ही गोष्ट खरी. परंतु पर्याय कमी असताना स्वेच्छेचा अर्थ किती, हा प्रश्न उरतोच. शिक्षण, क्रेडिट आणि संशोधनातील मान्यता या गोष्टी म्हणूनच भूषणापुरत्या नाहीत. त्या नसतील तर उरते ती केवळ स्वस्त मजुरी.

दुसरा आक्षेप परिणामांचा. अशा कामातून बाहेर पडलेल्या व्यक्ती पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत, असे सहज म्हटले जाते. परंतु या कामासाठी मुळात चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांचीच निवड होते. त्यामुळे त्यांच्या सुधारणेचे श्रेय फुलपाखरांना किती आणि त्यांच्या स्वतःच्या निर्धाराला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

तिसरा प्रश्न फुलपाखराचा. काही माळरानांवर ही फुलपाखरे पुन्हा स्वतःहून वाढू लागली, ही मोठी मिळकत आहे. तरीही प्रजाती अजून संकटग्रस्त यादीत आहे. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॅटर क्रीक या पुनर्वसन क्षेत्रात वणवा लागला आणि फुलपाखरांचा अधिवास होरपळला. तुरुंगात वर्षभर राबून वाढविलेली पिढी बाहेर सोडल्यावर तिचे भवितव्य वारा, पाऊस आणि एखाद्या ठिणगीवर अवलंबून असते. माळराने वाढली नाहीत, जोडली गेली नाहीत, तर संगोपन केंद्रे कितीही अळ्या देत राहिली तरी ते गळक्या हौदात पाणी ओतण्यासारखे होईल.

बंद होणारे दार

आणि चौथा प्रश्न या व्यवस्थेच्या पायाचाच. २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्याने खर्चकपातीचा भाग म्हणून मिशन क्रीक तुरुंग बंद करण्याचे जाहीर केले. एखादा तुरुंग बंद होणे ही एरवी स्वागतार्ह बातमी ठरावी. परंतु ज्या हरितगृहात दशकाहून अधिक काळ एका प्रजातीच्या पिढ्या वाढल्या, त्याचे अस्तित्व राज्याच्या अंदाजपत्रकातील एका ओळीवर टांगलेले होते, हे त्यातून उघड झाले. दुसरे संगोपन केंद्र उभारण्यामागचा मूळ विचार हाच होता, की एका ठिकाणी संकट आले तर दुसरे शिल्लक राहावे. कॉफी क्रीकसारखी केंद्रे म्हणूनच मोलाची ठरतात. मात्र इमारत आणि अळ्या यांपेक्षा हलवायला अवघड असते ते कसब. महिलांनी वर्षानुवर्षे नोंदविलेले बारकावे, एकीने दुसरीला शिकविलेल्या युक्त्या लिहून ठेवल्या गेल्या असतील, तरच त्या पुढच्या हातांना मिळतात.

आपल्याकडेही बंदिवानांवर विश्वास टाकून पाहण्याची परंपरा नवी नाही. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आणि त्यावरून प्रेरणा घेतलेला व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' मराठी वाचकाला ठाऊक आहे. तेथे कैद्यांच्या हाती जमीन दिली गेली. मिशन क्रीकमध्ये त्यांच्या हाती जमिनीबरोबर नोंदवही आणि प्रश्नही दिले गेले. कोणत्याही राज्याने असा उपक्रम हाती घेताना यातील दुसरी गोष्ट विसरू नये. रोपे लावून घेणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते. कोणते रोप का जगले, हे लावणाऱ्याला विचारणे आणि त्याचे उत्तर त्याच्या नावानिशी नोंदविणे, हा या प्रयोगाचा गाभा आहे.

टेलर्स चेकरस्पॉटची अळी आयुष्याचा मोठा भाग निपचित पडून काढते आणि योग्य ऋतू आला की जागी होते. तिला या काळात जपणाऱ्या महिला आपापल्या शिक्षा पूर्ण करून केव्हाच बाहेर पडल्या असतील. माळरानावर दर वसंतात उडणाऱ्या फुलपाखरांपैकी काही त्यांनी वाढविलेल्या पिढ्यांचे वंशज आहेत. संवर्धनाच्या अहवालांत त्यांची संख्या मोजली जाते. त्या अहवालांत या महिलांचाही वाटा तितक्याच काळजीने मांडला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.